दमसास

ऑर्गनच्या मागे एक दार आहे, कमरेएवढं.
वाकल्याशिवाय आत जाता येत नाही,
म्हणून पाद्रीबाबा कधी आले नाहीत.
आत तीन भाते, मेंढीच्या कातड्याचे, चरबी चोळलेले,
आणि तीन पायटे.
लाकडी जोडे बाहेर काढून मोज्यांवर उभं राहायचं:
पायटा खाली, भाता वर,
मग भाता आपल्याच वजनानं हळूहळू बसतो
आणि पलीकडे कुणीतरी देवाला हाक मारतं.

एकतीस वर्षं चाललो तिथे.
पोचलो कुठेच नाही.

हार्मानुस मास्तर वाजवायचे.
त्यांनी दोरी ओढली की माझ्या कानाशी घंटी:
वारा हवा.
रविवारी त्यांचा चेहरा मला दिसला नाही कधी,
पण शनिवार कसा गेला ते माझ्या पोटऱ्यांना कळे.
घरात धुसफूस झाली असली
की पायाखालच्या मोठ्या नळ्या उघडायचे,
आणि भाता असा बसायचा
जसा उपाशी गडी बटाट्यांवर.

स्तोत्रं मला आकड्यांनी पाठ.
शंभरावं: चार कडवी, बहात्तर पावलं.
बेचाळिसावं, तहानलेल्या हरिणीचं:
त्यात घसा माझाच सुकायचा.
एकशे एकोणिसावं पूर्ण कुणी गात नाही,
देव दयाळू आहे.
ईस्टरला मास्तर शाळेतली चौदा पोरं
वर उभी करत, चार आवाजांत.
तेव्हा वारा कमी लागे.
पोरं आपापला घेऊन येत.

आमचं गाव सावकाश गाणारं.
एक सूर धरला की समुद्राच्या बांधावरची मेंढी
तेवढ्यात चार घास चरून घेई.
मग ग्रोनिंगेन शहरातून नवा पाद्री आला.
म्हणाला, मूळ चालीत लहान-मोठे सूर आहेत,
स्तोत्रानं चाललं पाहिजे, रांगू नये.
निम्मे बाक चालू लागले,
निम्मे रांगत राहिले,
आणि पोपको सुतार, मुद्दाम, सगळ्यांच्या मागे एक सूर.
वर्षभर भांडण.
दोन्ही पक्षांना वारा मीच पुरवला,
वाऱ्यावर कुणालाच सोडलं नाही.

फेन्ये गेली तेव्हा मार्च होता,
बांधावर अजून बर्फ.
मास्तर म्हणाले, आज तू बाकावर बस,
माझा मुलगा तुडवेल.
मी विचारलं, एकशे तिसरं आहे ना?
तिसऱ्या भात्याला फट आहे.
अर्धं पाऊल आधी निघावं लागतं.
पोराला ते कसं कळणार?

तर मीच आत. वाकून.
त्या स्तोत्रात माणूस म्हणजे गवत,
त्याच्यावरून वारा जातो
आणि मग ती जागाही त्याला ओळखत नाही.
हे शब्द मी लहानपणापासून भिंतीपलीकडून ऐकत होतो.
त्या दिवशी ध्यानात आलं,
तो वारा कोण.

पाय उचललाच नाही.

भाते बसत गेले. एक, दोन, फटीचा तिसरा.
सूर खाली ओघळला,
जशी बोलता बोलता बाई थांबते तसा,
आणि ऑर्गन गप्प.
बाक मात्र गात राहिले, नुसते, बिनआधाराचे,
नव्या चालीचे आणि जुन्या चालीचे,
आणि मागून पोपको.
किती वेळ, ते मोजलं नाही.
घंटी वाजली नाही.
शेवटच्या कडव्याला मी पुन्हा पायट्यावर चढलो.

गावात बोलणं झालं, मास्तरांना रडू फुटलं, हात थांबले.
मास्तरांनी ते खोडलं नाही,
मरेपर्यंत नाही.

आता विजेची मोटर आहे.
तिला धाप लागत नाही,
स्तोत्र संपलं तरी ती गुणगुणतच असते.
दाराला कुलूप आहे.
मी मागून तिसऱ्या बाकावर बसतो, पोपकोशेजारी.
गायला तोंड उघडतो,
तर शब्द येतात आणि चाल पायात राहते.
बाकाखाली मोजे एकामागून एक दाबत असतात,
फटीच्या ठिकाणी अर्धं पाऊल आधी.

पुढच्या बाकावरची हिल्ये, मास्तरांची नात, सहा वर्षांची,
वळून माझे पाय बघते
आणि स्वतःचे हलवू लागते.
तिचे जमिनीला टेकत नाहीत.